वाकडी मोटार आणि रेणूंची आठवण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत मोटारी तयार होतात हे तुम्हांला ठाऊक असेलच. २००२ साली बाजारात आलेली पहिली स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्रच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. त्या गाडीची लांबी सुमारे ४.४ मीटर. तिची २४ पट लहान प्रतिकृती करायची ठरवली, तर ती १८ सेंटिमीटरांहून थोडी अधिक भरेल. म्हणजे साधारण तुमच्या कंपासपेटीएवढी.

आता समजा, अशी एक प्रतिकृती तुमच्या टेबलावर आहे आणि तिचे पुढचे एक चाक टेबलाला टेकत नाही. मधली फट अवघी २ मिलिमीटर. एवढ्याने काय होते, असे तुम्ही म्हणाल. पण २ ला २४ ने गुणून पाहा. खऱ्या गाडीचे एक चाक रस्त्यापासून जवळजवळ ५ सेंटिमीटर वर अधांतरी राहिले, तर ती कशी दिसेल? आपल्या डोळ्यांना मोटारींच्या आकारांची इतकी सवय झालेली असते, की प्रतिकृतीतली ही खोट पाहताक्षणीच खटकते. शिवाय बॉडी वाकलेली असली की ती खालच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर बसतच नाही. जोर करून बसवायला जावे तर खिडकीजवळचा एखादा नाजूक खांब कट्‌कन मोडतो. आणि अशी बॉडी बहुधा एकच हाताशी असते. दुसरी आणू म्हटले तर मिळत नाही.

असे का, हे कळण्यासाठी ही बॉडी कशी तयार होते ते पाहावे लागेल. दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात किंवा पॉलिस्टायरीन, ए.बी.एस. अशा प्लॅस्टिकच्या असतात. त्या पोलादी साच्यांतून निघतात. असा साचा फार महाग पडतो, म्हणून ज्या गाडीची हजारो खेळणी खपतील तिचाच साचा कारखानदार करतो. मग आपल्या आवडीच्या, पण खेळण्यांच्या दुकानात न मिळणाऱ्या गाडीचे काय करायचे? हौशी लोकांनी यावर तोड काढली आहे. गाडीचा एक नमुना हाताने घडवायचा, त्यावर सिलिकोन रबर ओतून मऊ साचा करायचा आणि त्या साच्यात रेझिन ओतायचे. हे सारे घरच्या टेबलावर जमते. मात्र रबरी साचा फार दिवस टिकत नाही. काही डझन नग काढले की त्याच्या कडा फाटू लागतात. म्हणून रेझिनची बॉडी ही नेहमीच थोडक्या संख्येतली वस्तू असते.

यासाठी बहुधा पॉलियुरेथेन जातीचे रेझिन वापरतात. पॉलियुरेथेनांचा शोध ओट्टो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लेव्हरकुसेन येथे लावला. (गंमत अशी, की त्याचे आडनाव तिथल्या प्रसिद्ध बायर कंपनीचेच असले तरी कंपनीच्या संस्थापकांशी त्याचे नाते नव्हते.) हे रेझिन दोन बाटल्यांत येते. दोन्ही द्रव एकत्र ढवळले की काही मिनिटांतच मिश्रण गरम होऊ लागते, दाट होते आणि घट्ट बसते. एका द्रवातले रेणू दुसऱ्या द्रवातल्या रेणूंना हात देतात, आणि त्या रेणूंना एकाहून अधिक हात असल्यामुळे नुसती साखळी न होता जाळे विणले जाते. बॉडी साच्यातून अर्ध्याएक तासात काढता येते, पण जाळे विणण्याचे काम पुढे कित्येक दिवस हळूहळू चालूच राहते. हा मुद्दा लक्षात असू द्या.

वाक येतो कुठून?

पहिले कारण म्हणजे घाई. बॉडी पुरती घट्ट होण्याआधीच साच्यातून ओढून काढली, की टप आपल्याच वजनाने खाली बसतो आणि दाराखालच्या लांब पट्ट्या बाहेरच्या बाजूला फाकतात. दुसरे कारण असमान जाडी. रेझिन घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. जाड भागातली उष्णता लवकर निघून जात नाही, म्हणून तो भाग जास्त तापतो आणि निवताना पातळ भागाहून जास्त आकसतो. आकसणे तसे थोडेच असते, बहुतेक रेझिनांत शंभराला अर्ध्या भागाच्या आसपास. पण १८ सेंटिमीटर लांबीत तेवढ्यानेच जवळजवळ १ मिलिमीटरचा फरक पडतो. एक बाजू आकसली आणि दुसरी तेवढी आकसली नाही, की वस्तू वाकलीच.

तिसरे कारण आपल्याच घरात असते. नीट, सरळ ओतलेली बॉडी कुणीतरी डब्यात दाबून, वर रबरबँड लावून ठेवते आणि तो डबा एप्रिल महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत राहून जातो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. तिथल्या रात्री त्यामुळे बऱ्या असतात, पण उन्हाळ्यातल्या दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास पोचतो. ही सावलीतल्या हवेची गोष्ट झाली. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत काचेखालची जागा ६०–७० अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापते. ओतीव कामाची अनेक रेझिने ५० ते ८० अंशांच्या दरम्यान नरम पडतात. तेव्हा पुढे काय होत असेल ते तुमच्या ध्यानात आलेच असेल.

बाहेरून पाहिले तर या तिन्ही प्रकारच्या बॉड्या सारख्याच वाकड्या दिसतात. पण त्यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि दुरुस्ती साधणार की फसणार हे त्या फरकावरच ठरते.

नरम पडते म्हणजे काय होते?

बर्फ ठराविक तापमानाला वितळतो आणि त्याचे पाणी होते. रेझिन तसे वितळत नाही. ते घन असते, मग रबरासारखे लवचीक होते, आणि फारच तापवले तर करपते. पाण्यासारखे वाहू लागणे त्याच्या नशिबी नाही, कारण त्याचे रेणू एकमेकांना जाळ्यात बांधलेले असतात.

घन अवस्थेतून लवचीक अवस्थेत जाण्याच्या या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या खाली रेणूंच्या लांब साखळ्या दाटीने अडकलेल्या असतात. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर उसळलेली गर्दी तुम्ही पाहिली असेल किंवा मोठ्यांकडून ऐकली असेल. माणूस जागच्या जागी चुळबुळ करू शकतो, पण कूस बदलण्याइतकीही जागा त्याला नसते. गर्दी जरा सैल झाली की हात हलतात, वळता येते. रेझिन तापले की साखळ्यांच्या तुकड्यांना अशीच जागा मिळते. मात्र एक लक्षात घ्या. या गर्दीतले लोक एकमेकांचे हात धरून उभे आहेत, आणि गर्दी सैल झाली म्हणून ते हात सुटत नाहीत. म्हणून बाहेरून जोर लावला तर जाळे ताणले जाते, आणि जोर काढला की परत मूळ ठिकाणी येते. हे अगदी रबरासारखेच झाले. रबराच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधून त्याला पक्का आकार देण्याची युक्ती चार्ल्‌स गुडइयर याला १८३९ साली सापडली. त्याआधीचे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वाहू लागे.

आता ताणलेल्या अवस्थेतच हे रेझिन थंड केले तर? साखळ्या पुन्हा दाटीत अडकतील. जाळे ताणलेले आहे, त्याला परत जायचे आहे, पण वाट बंद. आकार जणू गोठून राहतो. पुढे कधी ते पुन्हा काचसंक्रमण तापमानाच्या वर गेले, की वाट मोकळी होते आणि जाळे आपल्या पहिल्या आकाराकडे धाव घेते. तो आकार कोणता? ज्या आकारात ते जाळे विणले गेले, तो. रेझिनला 'आठवण' असते असे म्हणतात ते याच अर्थाने.

धातूंचे तसे नसते. जुन्या नाशिकच्या तांबट आळीतले कारागीर ठोकून ठोकून कडक झालेले तांबे भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेत. पण तापवल्याबरोबर घागरीचा पुन्हा सपाट पत्रा झाला, असे कुणी पाहिलेले नाही. तांबे आपला पूर्वीचा आकार विसरते. (निकेल आणि टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू मात्र याला अपवाद आहे. त्याची हकिगत स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.)

ही आठवण प्रत्यक्ष पाहायची असेल तर शीतपेयाची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या. ती पेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. या प्लॅस्टिकात रेझिनसारखे पक्के जाळे नसते, पण साखळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की थोडा वेळ तोच परिणाम दिसतो. कारखान्यात ही बाटली परीक्षानळीसारख्या एका जाड, आखूड नळीपासून करतात. नळी तापवून, ताणून, आत हवा फुंकून तिचा फुगा करतात आणि लगेच थंड करतात. आता घरातल्या मोठ्या माणसांच्या मदतीने बाटली घमेल्यात उभी करा आणि नरसाळ्याने तिच्यात नुकतेच उकळलेले पाणी ओतवा. बाटलीला हात लावू नका. पेटचे काचसंक्रमण ७०–७५ अंशांच्या आसपास होते, त्यामुळे बाटली क्षणात आकसते, वेडीवाकडी होते. तिला आपल्या लहानपणच्या नळीची आठवण झाली! आटे असलेला गळा मात्र जवळजवळ तसाच राहतो. फुंकताना तो ताणलेलाच नव्हता, मग त्याला परत जायचे तरी कुठे?

रोग ओळखा

एवढे समजले की दुरुस्तीचे मर्म हाती आले. बॉडी साच्यात सरळ घट्ट झाली आणि नंतर उन्हात वाकली असेल, तर तिची आठवण सरळ आकाराची आहे. ती गरम पाण्यात सोडली की आपली आपण सरळ होईल. तुम्ही फक्त तिच्या वाटेतून दूर व्हायचे. पण बॉडी वाकलेल्या साच्यातच घट्ट झाली असेल, तर तिची आठवणच वाकडी आहे. गरम करून, सरळ धरून, थंड केली तर ती सरळ दिसेल खरी, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वाकायला टपलेली असेल. घाईने बाहेर काढलेल्या बॉडीची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. तिचे अर्धे जाळे साच्यात, सरळ आकारात विणले गेले आणि उरलेले बाहेर, वाकड्या आकारात. म्हणून ती गरम पाण्यात अर्धीमुर्धी सरळ होते आणि थांबते. अनुभवी लोकही अशा वेळी पाणी पुरेसे गरम नव्हते असे समजून ते आणखी तापवत बसतात. उपयोग होत नाही, कारण दोन आठवणींची तिथे रस्सीखेच चाललेली असते.

तेव्हा पहिल्यांदा गरम पाण्यात नुसते बुडवून पाहणे हा उपचारही आहे आणि परीक्षाही.

त्याआधी बॉडी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन घ्या, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जाईल. मग ती जाड काचेवर किंवा आरशावर ठेवा. लाकडी टेबलाचा भरवसा धरू नये, ते स्वतःच सपाट नसते. आरशात फट दुप्पट दिसते, हा आणखी एक फायदा. कुठला कोपरा डुगडुगतो ते बघा, पुढच्या आणि मागच्या चाकांजवळ दोन्ही पट्ट्यांमधले अंतर मोजा, चासीची रुंदी मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. गरम बॉडी हातात असताना अंदाज चुकतो. लिहिलेला आकडा चुकत नाही.

मग एक फर्मा करा. चपलेच्या फर्म्यासारखाच, पण मोटारीच्या पोटात बसणारा. चासीच्या रुंदीचा लाकडी ठोकळा घासून घेतला तरी चालतो. कडा मात्र पॉलिशपेपरने गोल करा, नाहीतर नरम रेझिनवर त्यांचे वळ उठतील.

पाणी किती गरम हवे? प्रत्येक रेझिनचे काचसंक्रमण वेगळे, त्यामुळे एकच आकडा सांगता येत नाही. पण तुमच्याकडे एक चांगली सोय असते. साच्यात रेझिन ज्या वाटेने ओतले, तिथला उरलेला दांडा बहुधा बॉडीला चिकटलेला असतो. तो कापून घ्या आणि आधी त्याच्यावर प्रयोग करा. ६० अंशांना तो वाकत नसेल तर ६५, मग ७०, असे चढत जा. ज्या तापमानाला तो बोटभर दाबाने सहज वाकला, तेच तुमच्या बॉडीचे तापमान. तापमापी शाळेच्या प्रयोगशाळेतली घ्या. ताप मोजायची पाऱ्याची तापमापी ४२ अंशांपर्यंतच असते, गरम पाण्यात ती फुटेल आणि पारा सांडेल.

तापमापी नसेल तर गणिताने काम भागवता येते. नाशिकच्या उंचीवर पाणी १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांना उकळते. नळाचे पाणी २८ अंशांचे धरा. एक पेला उकळते आणि एक पेला साधे पाणी मिसळले, की तापमान ९८ आणि २८ यांच्या बरोबर मधे, म्हणजे ६३ येते. दोन पेले उकळते आणि एक साधे घेतले तर जवळजवळ ७५. भांडे स्वतः थोडी उष्णता खाते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंश कमी समजा.

केस वाळवायचे यंत्र किंवा मेणबत्ती का वापरू नये, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रेझिन उष्णतेचे फार मंद वाहक आहे. तांब्यातून जेवढी उष्णता वाहते, तिचा सुमारे दोन हजारावा भाग त्यातून वाहतो. ज्योतीजवळचा पृष्ठभाग करपून जाईल, तोवर पलीकडच्या बाजूला पत्ताही लागणार नाही. पाणी चारी बाजूंनी सारखेच तापवते आणि काही केले तरी ९८ अंशांच्या वर जात नाही. याहून मोठा फायदा मात्र फारसा कुणी सांगत नाही. या रेझिनची घनता पाण्याहून थोडीशीच जास्त असते. म्हणून पाण्यात बुडालेल्या बॉडीचे जवळजवळ सगळे वजन पाणीच उचलून धरते. हवेत गरम केलेला टप आपल्याच भाराने खचेल. पाण्यात तो जणू वजनरहित होऊन तरंगत्या अवस्थेत नरम पडतो. आर्किमिडीजचा सिद्धांत असाही उपयोगी पडतो.

बॉडी झाऱ्याने किंवा सांडशीने अलगद पाण्यात सोडा. ही पायरी मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. सत्तर अंशांचे पाणी अंगावर सांडले तर गंभीर भाजते. दीड मिलिमीटर जाडीची भिंत काही सेकंदांतच आतपर्यंत तापते. पण जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. चौपट जाडीला सोळापट. पुढचा बंपर किंवा चाकांवरची कमान जाड असते, म्हणून निदान एक-दोन मिनिटे धीर धरा. पातळ खांब केव्हाच नरम झालेले असतात, घाई करून ओढाल तर सगळा वाक त्यांच्यातच जाईल.

आता नीट निरखून पाहा. बॉडी आपली आपण सरळ होत असेल तर तिला मुळीच हात लावू नका. हालचाल थांबली की झाऱ्यावर घेऊन, तशीच थंड पाण्यात बुडवा. काम झाले.

ती हललीच नाही, किंवा अर्ध्यावर थांबली, तर आता फर्म्याची पाळी. रबरी हातमोजे घालून बॉडी बाहेर काढा, फर्म्यावर चढवा आणि रुंद कापडी पट्टीने बांधा. रबरबँड नको, तो एकाच रेषेत रुततो. वाक काढताना सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्या. याचे कारण मोटारीच्या कारखान्यांतल्या लोकांना चांगले ठाऊक असते. पत्रा प्रेसमध्ये दाबून सोडला की थोडा मागे उसळतो, म्हणून डायचा आकार मुळातच जरा जास्त वाकवलेला ठेवतात. रेझिनही असेच थोडे मागे येते. पण 'किंचित' म्हणजे किंचितच, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मग फर्म्यासकट थंड पाण्यात बुडवा आणि बॉडी पुरती निवल्यावरच पट्टी सोडा. ती अजून कोमट असताना सोडली तर सारी मेहनत पाण्यात.

बॉडी ताजी असेल, म्हणजे ओतून दोन-चारच दिवस झाले असतील, तर एक जास्तीची युक्ती करता येते. तिच्यातले जाळे अजून पुरते विणले गेलेले नाही, हे मघाशी आपण पाहिले. उष्णतेने ते काम वेगाने पुरे होते. म्हणून फर्म्यावर बांधलेली बॉडी पत्र्याच्या डब्यात घालून दुपारभर गच्चीवरच्या उन्हात ठेवा आणि संध्याकाळी निवल्यावर सोडा. उरलेले धागे आता सरळ आकारात बांधले जातात आणि सरळपणाची एक नवी आठवण तयार होते. ज्या उन्हाने एरवी बॉडी बिघडते, तेच ऊन इथे कामाला लावता येते. जुन्या, वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बॉडीला हा उपाय लागू पडत नाही. तिच्यातले सगळे हात केव्हाच एकमेकांत गुंतलेले असतात. तिला पोटातून, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, एक आडवी पट्टी चिकटवून कायमचा टेकू द्यावा आणि चासीला स्क्रूने पक्के बांधावे. आठवण वाकडी असली तरी तिला वाव मिळू द्यायचा नाही, एवढेच आपल्या हाती असते.

चिकटवण्यासाठी घासावे लागले तर पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासा आणि नाकावर रुमाल बांधा. रेझिनची कोरडी धूळ छातीला चांगली नाही. रंगकाम सगळ्यात शेवटी करा. रंगवलेली बॉडी गरम पाण्यात घातली तर रंगाला तडे जातात, कारण रंग आणि रेझिन सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत.

एक सावधगिरी मात्र जरूर घ्या. प्रत्येक प्लॅस्टिकवर हा उपाय चालत नाही. प्रेशर कुकरची दांडी ज्या बॅकेलाइट जातीच्या प्लॅस्टिकची असते, त्याचे जाळे इतके दाट असते की ते उकळत्या पाण्यातही नरम पडत नाही. लिओ बेकलंड याने १९०७ साली ते शोधले तेव्हा याच गुणाने त्याचे नाव झाले. पॉलिस्टायरीनच्या खेळण्यांचे काचसंक्रमण १०० अंशांच्या आसपास असते, म्हणून नाशिकच्या ९८ अंशांच्या पाण्यात ती धड नरमही होत नाहीत आणि धड घट्टही राहत नाहीत. उलट हल्ली शाळांतून त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर ज्या पी.एल.ए. प्लॅस्टिकच्या वस्तू काढतात, ते ६० अंशांनाच ढिले पडते. अशी मोटार सत्तर अंशांच्या पाण्यात टाकलीत तर तिचा नुसता वाक जाणार नाही, आकारच जाईल.

राहता राहिला प्रश्न मोटार ठेवण्याच्या जागेचा. घरातली कुठली जागा उन्हाळ्यात किती तापते हे दिवसभर तापमापी घेऊन बसल्याशिवाय कळत नाही, असे वाटेल. पण उरलेल्या दांड्याचे अजून दोन-चार तुकडे तुमच्याकडे असतील. सरळ ओतलेले तुकडे गरम पाण्यात नरम करून काटकोनात वाकवा आणि तसेच थंड करा. मग एक खिडकीत ठेवा, एक कपाटाच्या माथ्यावर, एक भिंतीच्या आतल्या बाजूच्या फळीवर. प्रत्येकाजवळ कागदावर पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढा. एप्रिल आणि मे महिना जाऊ द्या. जो तुकडा रेषा सोडून उलगडू लागला असेल, त्या जागी कधीतरी एका दुपारी तापमान काचसंक्रमणाच्या जवळ पोचले होते. तिथे मोटार ठेवू नका.